होडीतली फटफटी

"वल्हं घाम पितं, फटफटी घर पिते."

दामाजीचं हे बोलणं काळू नदीच्या अल्याडपल्याड सगळ्यांना पाठ होतं. पेट्रोलपंपाच्या रांगेत तो हे म्हणायचा, गोदामाच्या दारात पार्सलं लादताना म्हणायचा, आणि कुणी नुसतं "काय काका, कसं चाललंय?" विचारलं तरी उत्तर हेच. त्याच्याबरोबर पार्सलं पोचवणाऱ्या साईनाथला तर त्याचा वीट आला होता. साईनाथ मूळचा खटावकडचा, पाण्याशी त्याचा संबंध हंड्याकळशीपुरता. वल्हं घाम कसं पितं हे त्याला कळायचं कारण नव्हतं. फटफटी घर कसं पिते ते मात्र दर महिन्याला कळत होतं.

दामाजी धारेपाड्याचा. आंबिवली स्टेशनाकडून नदीच्या अंगाला उतरत गेलं, की डांबर संपतं आणि जाळी वाळत घालायचे बांबू सुरू होतात, तो धारेपाडा. आता त्या बांबूंवर जाळी नसतात, धुणी असतात. दामाजीनं पन्नाशी ओलांडलेली, पण खांदे अजून दाराच्या चौकटीला घासतील असे रुंद. बापाच्या हाताखाली त्यानं बारा वर्षं होडी वल्हवली. मग नदीला फेस यायला लागला. तो कुठून आला हे कुणी सांगितलं नाही आणि सांगणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. मासे आधी पोट वर करून तरंगले, मग तेही दिसेनासे झाले. दामाजीनं होडी विकायला काढली, तेव्हा त्याची आई दगडाबाई सकाळी उठून होडीत जाऊन बसली आणि दिवस मावळेस्तोवर उठली नाही. गिऱ्हाईक आलं तेव्हा म्हणाली, "मलापन तोलून ने." गिऱ्हाईक परत गेलं. होडी राहिली.

मग दामाजीनं हप्त्यानं फटफटी घेतली आणि पार्सलं पोचवायच्या कामाला लागला. कंपनीची कचेरी ठाण्याला, गोदाम आंबिवलीला. गोदामावर नऊ जण. गाडी ज्याची त्याची, पेट्रोल ज्याचं त्याचं, हातपाय मोडले तर तेही ज्याचे त्याचे. पाठीवरची निळी पिशवी तेवढी कंपनीची.

या नऊ जणांकडे नदीपलीकडची चार गावं होती. काठावर उभं राहून हाक मारली तर पलीकडचा माणूस ओ देईल इतकी ती जवळ. पण गाडीला हाक मारून चालत नाही. गाडीनं जायचं तर वर पुलापर्यंत जायचं, पूल ओलांडायचा, मग खाचखळग्यांतून परत खाली यायचं. एका बाजूनं अकरा किलोमीटर. कंपनी पेट्रोलभत्ता द्यायची तो किलोमीटरवर. भत्ता ठरला तेव्हा पेट्रोल ऐंशीच्या आत होतं. पुढं ते नव्वदीला गेलं, शंभरी ओलांडून गेलं, आणि भत्ता आपला वेशीवरच्या मारुतीसारखा जागचा हलला नाही.

माणसं काय करणार? जीव वाचवायचे असतात तसे थेंब वाचवायला लागली. पुलावरून खाली येताना इंजिन बंद करून गाड्या सोडायच्या. घंटी नाही, भोंगा नाही, मागून भुतासारखी गाडी यायची आणि म्हातारी माणसं दचकून शिव्या द्यायची. रसिका नावाची एक बाई त्यांच्यात होती, नवरा गेल्यावर त्याचीच गाडी घेऊन कामाला लागलेली. ती सिग्नल लांबून दिसला की इंजिन बंद करून पायानं गाडी ढकलत न्यायची. दामाजी रोज सकाळी टाकीला कान लावायचा, गाडी दोन्ही बाजूंना हलवायचा आणि आतलं किती उरलंय ते आवाजावरून सांगायचा. नारळ घेताना बाया हलवून बघतात तसा. पंपावर सगळ्यांचं मागणं एकच: "दोनशेचं टाक." पंपावरचा पोरगा म्हणायचा, "शून्य बघा काका." दामाजी म्हणायचा, "शून्य मी घरी पण बघतो. तू पुढचं दाखव."

देवदिवाळी झाली आणि पेट्रोल पुन्हा वाढलं. त्या दिवशी दामाजी पंपावर काही बोलला नाही. नेहमीचं वाक्यसुद्धा नाही. दर लिहिलेल्या फलकाकडे तो इतका वेळ बघत राहिला की मागच्या रिक्षावाल्यानं भोंगा वाजवून वाजवून त्याची आई काढली. तेव्हाच साईनाथला कळायला हवं होतं की या माणसाच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "साईनाथा, जरा पाड्यावर ये. हात लावायचाय."

साईनाथ गेला आणि बघतच राहिला. दामाजीनं होडी काठाला आडवी लावली होती. तिच्या कडेवर एक रुंद फळी टेकवली होती आणि फळीच्या तोंडाशी फटफटी उभी होती. दगडाबाई कमरेवर हात ठेवून वरच्या अंगाला उभी.

"कं रं दामा, या होडीत तुज्या बापसानं जाळ्यात हातभर जिताडे आनले. आता हिच्यात लोखांड भरतंस?"

"आये, नदीत जिताडा हाय का?"

"नाय."

"मंग गप बस."

"तूच गप बस. फळी वाकडी लावलीस, बुडशील मेल्या." असं म्हणून ती स्वतः खाली उतरली, फळीखाली दगड सारला आणि लेकाला म्हणाली, "हां, आता ढकल."

दामाजी आणि साईनाथ, दोघांनी गाडी आत घेतली. दामाजीनं ती मधोमध उभी करून चारी अंगांनी दोरानं आवळली, निळी पिशवी उराशी बांधली, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टोपीत ठेवला आणि वल्हं हातात घेतलं. साईनाथनं तोवर त्याला फक्त गाडीवर पाहिलं होतं, वाकलेला, कावलेला, आरशात मागं बघणारा. वल्हं हातात आल्याबरोबर तो माणूस उंच झाला. पाणी कापत होडी गेली. पलीकडच्या गाळात दगड टाकून त्यानं आधीच वाट केली होती. गाडी उतरवली, लाथ मारली, आणि पहिला आवाज नदीवरून परत आला तेव्हा साईनाथला उगाचच हसू फुटलं.

मग रोज तसंच. ज्या दोनशेत चार दिवस जात होते त्यात दामाजीचे आठ-नऊ दिवस जायला लागले. लेक भाविका कल्याणला नर्सिंग शिकत होती, तिचा पास वेळेवर निघाला. दामाजी इतरांनाही म्हणाला, "या, तुमच्याही गाड्या नेतो. माझे काय हात झिजत नाहीत." पण बाकीचे सगळे कोरड्या मुलखातले. रसिका म्हणाली, "काका, गाडी बुडाली तर दुसरी कुठून आणू?" साईनाथ तर पाण्याकडे बघूनच मागं सरला. दामाजी हसला. त्याला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी नदी परत कामाला आली होती आणि ती त्याची होती.

चाळीस दिवस हे चाललं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी नऊच्या नऊ मोबाइल एकदम वाजले. कंपनीच्या ॲपवर संदेश होता. मार्ग सुधारला आहे, अंतर तीन किलोमीटर, वेळ वीस मिनिटं. यापुढचा पेट्रोलभत्ता सुधारित अंतरावर. वीस मिनिटांपेक्षा उशीर झाला तर दंड.

आधी कुणाला काही कळेना. रसिका म्हणाली, "चुकून आलं असेल." गोदामाचा कारभारी रवींद्र म्हणाला, "मला काही माहीत नाही, वरून आलंय." साईनाथनं नकाशा उघडला. बोटांनी मोठा केला. गोदामापासून एक निळी रेघ निघाली होती, धारेपाड्याच्या काठापर्यंत आली होती आणि तिथं न थांबता सरळ नदीच्या पोटातून पलीकडं गेली होती. पाण्यातून रस्ता.

दामाजी नेहमीप्रमाणे टाकीला कान लावून वाकला होता. साईनाथ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"काका, होडीत बसताना मोबाइल कुठं असतो तुमचा?"

"टोपीत. का?"

"चालू असतो?"

"बंद कसा ठेवू? बंद ठेवला की लगेच फोन येतो, कुठं झोपलात म्हणून."

साईनाथनं नकाशा त्याच्या नाकासमोर धरला. "हे बघा. चाळीस दिवस तुमच्या टोपीतून यानं रस्ता शिकला. आता आम्ही सगळ्यांनी नदीतून जायचं. तुमची होडी तरली काका, आम्हाला बुडवून."

आठ माणसं भोवती गोळा झाली. कुणी म्हणालं, "आधीच पेट्रोल खिशातून, आता अकराचा रस्ता आणि तीनचे पैसे." कुणी म्हणालं, "हुशारी नडली म्हाताऱ्याची." रसिकानं नुसती मान वळवली, आणि दामाजीला ते सगळ्यात जास्त लागलं असावं, कारण तो तिच्याकडेच बघत होता. साईनाथच्या तोंडून मग आणखी एक शब्द गेला. गद्दार. दामाजीनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण तो साईनाथवर नव्हता. तो साईनाथच्या आरपार कुठंतरी लांब गेला होता.

"चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"ठाण्याला. तुला बोलता येतं. मला तिथं अडखळायला होईल. बस मागं."

दोघं ठाण्याच्या वाटेला लागले. दुर्गाडी पुलाच्या उतारावरसुद्धा दामाजीनं इंजिन बंद केलं नाही. गाडी ताणून पळवली, जणू टाकीतला थेंबन् थेंब जाळून टाकायचा होता.

कचेरी चौथ्या मजल्यावर, आत गारठा. समोर विनीत नावाचा अधिकारी, पंचविशीचा, डोंबिवलीचा, बोलायला गोड. त्यानं पाणी मागवलं, खुर्च्या दिल्या, सगळं ऐकून घेतलं.

"काका, प्रॉब्लेम असा आहे की सिस्टिमनं रूट पकडलाय. एक रायडर चाळीस दिवस तिथून गेला, म्हणजे तिथून जाता येतं. सिस्टिमच्या दृष्टीनं तो रस्ताच आहे."

"रस्ता नाय तो साहेब. होडी हाय माझी."

"हो, पण सिस्टिमला होडी कळत नाही ना."

साईनाथ पुढं सरकला. "मग सिस्टिमला सांगा ना तुम्ही! आठ जणांना पोहता येत नाही. हाताने पुसा ती रेघ."

"आमच्या हातात नाही हो ते. रूट यांच्या आयडीवरून आलाय. आयडी चालू आहे तोवर तो राहणार. आयडी बंद केला तर त्याची सगळी माहिती बाहेर पडते, मग जुनं अंतर परत येतं." विनीत थांबला, खुर्ची पुढं ओढली आणि आवाज मऊ केला. "पण काका, मी दुसरं सुचवू का? तुमची आयडिया वरच्यांना खूप आवडलीय. तुमची होडी आपण कंपनीशी जोडू. होडीवर कंपनीचा बोर्ड लावू. पलीकडची सगळी पार्सलं तुम्ही एकट्यानं न्यायची. महिन्याला ठरलेली रक्कम. पेट्रोलची कटकटच संपली."

"आणि हे आठ?"

"बघू ना. कल्याणला जागा निघाली तर घेऊ."

'निघाली तर' म्हणजे काय हे साईनाथला कळलं. त्यानं दामाजीकडे पाहिलं. सकाळी आपण याला काय म्हणालो ते त्याला आठवलं, आणि आता हा माणूस हो म्हणाला तर त्याला दोष कुठल्या तोंडानं देणार हेही कळेना. पन्नाशीचा माणूस. घरात म्हातारी, लेकीचं शिक्षण. आणि जे काम येतं, जे बापानं शिकवलं, जे जिवाला आवडतं, त्याचेच पैसे कुणीतरी द्यायला निघालंय. साईनाथनं स्वतःला विचारलं, मी असतो तर? उत्तर आलं ते त्याला आवडलं नाही.

दामाजी उठला. एकदम नाही, हळूहळू, टेबलाला हात टेकून.

"पेट्रोल किती झालंय साहेब?"

"अं? शंभरच्या वर आहे बहुतेक."

"बहुतेक." दामाजीचा आवाज चढायला लागला तशी त्याची पाड्यावरची बोली वर आली. "पंपावर रोज सकालला दर लावलेला असतो. माणसाएवढा फलक. आंधल्याला दिसंल. चार वर्सं तो आकडा चढतोय, तो तुमच्या सिस्टिमला नाय दिसला? आम्ही उतारावर गाड्या बंद करून मरनाच्या दारातून जातो, ते नाय दिसलं? ही बाय रसिका गाडी ढकलते, ते नाय दिसलं? आन् माजी एक होडी, टिचभर, नदीच्या मधी, ती बरी दिसली! आमचं वाचलेलं तेवढं दिसतं. आमचं जळलेलं नाय दिसत."

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं उभी राहिली. विनीत म्हणाला, "काका, प्लीज, शांत व्हा."

"शांत? नदी खराब जाली, शांत बसलो. मासोळी गेली, शांत बसलो. बापूस शांत बसून मेला. आता नदी म्हंजे तुमचा फुकटचा रस्ता, आन् तिच्यावर माजीच होडी, माज्या बापसाची, तुमची पाटी लावून? माज्याच हातानं या आठांच्या पोटावर?" त्यानं टोपी काढली, टोपीतला मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला. आपटला नाही. नीट ठेवला. "बंद कर."

"काय?"

"माजा तो आयडी काय हाय तो. आत्ता. माज्यासमोर."

"काका, नीट विचार करा. एकदा बंद झाला की परत सुरू होत नाही. तुमचं वय बघता नवीन मिळणं—"

"वय बघतोस माजं? चार वर्सं भत्त्याचं वय बघितलंस का?"

साईनाथ मधे पडायला निघाला. "काका, थांबा, आपण पलीकडच्या गावांतल्या सगळ्यांशी बोलू, अर्ज लिहू—"

"तू गप रं. तुला बोलायला आणला होता, आन् हा होडी मागत होता तेव्हा तुज्या तोंडून निघालं नाय. आता मी बोलतोय."

विनीतनं कळफलकावर बोटं चालवली. एकदा थांबून वर पाहिलं. दामाजी टेबलापाशी तसाच उभा होता. शेवटची कळ दाबली गेली. टेबलावरच्या मोबाइलवर ॲपचं निळं चिन्ह होतं, ते विझलं.

जिन्यावरून उतरताना साईनाथला रडू येईल की काय असं झालं. खाली गाडीपाशी आल्यावर तो म्हणाला, "काका, आमच्यासाठी तुम्ही..."

दामाजीनं गर्रकन मान वळवली. "तुमच्यासाठी नाय केलं. कुणी उपकार मानू नका. माझी नदी फुकट गेली असती म्हणून केलं. आणि तो सकाळचा शब्द परत माझ्या कानावर आला तर होडीत घालून मधोमध नेऊन सोडीन. पोहता येत नाही ना तुला? बस मागं."

साईनाथ बसला.

तीन दिवसांनी मोबाइल पुन्हा वाजले. अंतर अकरा किलोमीटर. भत्त्याचा दर जुनाच. नदीतली निळी रेघ नकाशावरून गेली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जे आपलं होतं तेच परत मिळालं, आणि तेही अपुरं. रसिकानं पार्सलं मोजली, पिशवीत भरली, आणि मग तिचा हात तसाच थांबला. फाटकातून दामाजी येत होता. पायी.

त्यानं निळी पिशवी रवींद्रसमोर ठेवली. रवींद्रनं पिशवी उलटीपालटी करून पाहिली, बंद तपासले आणि म्हणाला, "काका, इथं एक शिवण उसवलीय. लिहावं लागेल."

"लिही," दामाजी म्हणाला. "मोठ्या अक्षरात लिही."

रसिका पुढं आली. "आता काय करणार काका?"

"वरच्या अंगाला, खडवलीच्या बाजूला, पाणी जरा बरं हाय, मासोळी मिळते म्हणतात. बघतो. नसली तर बघून आलो म्हणून सांगीन." मग तिच्या गाडीकडे वळून म्हणाला, "चेन सैल झालीय तुझी. त्यानं पेट्रोल जास्त खाते. आवळून घे."

साईनाथ गाडीपाशी उभा होता. माफी मागायची तर कशी, हे त्यानं तीन दिवस मनात घोळवलं होतं. दामाजी त्याच्या अंगावरून गेला तेव्हा त्यानं "काका" इतकंच म्हटलं. दामाजीनं हात वर केला, पण तो थांबण्याचा हात नव्हता.

फाटकाबाहेर पडून दामाजी नदीच्या अंगाला वळला. चालताना खांदे डोलत होते. स्टेशनाकडून येणाऱ्या माणसांची रांग समोरून येत होती, तो कुणाला बाजू देत नव्हता. माणसंच सरकत होती. गोदामात रवींद्र ओरडला, "अरे चला, वेळ सुरू झालीय." एक गाडी सुरू झाली, दुसरी झाली, सात गाड्या धूर सोडत पुलाकडच्या रस्त्याला लागल्या. आठवी सुरू झाली नाही. साईनाथ तिच्यावर एक पाय टाकून, किल्ली हातात घेऊन बसला होता, आणि डांबर जिथं संपतं तिथपर्यंत त्या रुंद पाठीकडे बघत राहिला.